पीओपीचा साचा तहानलेला असतो: सॉफ्ट ल्युअर ओतण्याआधी तो सील कसा करायचा

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि आवाज बंद ठेवून गुपचूप इथे वाचणाऱ्यांनाही. हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. बोलतानाचे "अं" आणि "म्हणजे कसं ना" तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. एपिसोडमध्ये मापं आणि तापमान मी जरा घाईत सांगितली होती, ती इथे सावकाश वाचा.

माझ्या डाव्या मनगटावर एक डाग आहे. साधारण चिंचोक्याएवढा. तो कसा पडला, ते सांगितलं की आजच्या विषयाचा निम्मा भाग तिथेच संपतो. पण आधी थोडं मागे जाऊ.

मी पेण तालुक्यातला. आमच्याकडे दोन गोष्टींचा अभिमान जन्मतःच येतो, एक गणपती आणि दुसरा जिताडा. गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तोच हा मासा. खाडीत असतो, खारजमिनीतल्या तळ्यांत असतो, आणि ओहोटीला उघाडीतून पाणी सुटलं की तोंडाशी दबा धरून बसतो. पाण्याबरोबर वाहत येणारी कोळंबी, छोटे बोईट, जे येईल ते गिळतो. त्याला गरवायचं तर एकतर जिवंत कोळंबी लावा, नाहीतर तिच्यासारखं हलणारं काहीतरी. हे "काहीतरी" म्हणजे सॉफ्ट ल्युअर. रबरासारखी मऊ, वळवळणारी नकली मासळी.

सॉफ्ट ल्युअरचा एकच प्रॉब्लेम, तो टिकत नाही. दोन-तीन माशांनी चावला की शेपटी गेली. खडकात अडकला की तंगूस तुटतो आणि ल्युअर जातो. चांगल्या पाकिटाला चार-पाचशे रुपये मोजायचे आणि एका उधाणाच्या दिवसात ते संपवून घरी यायचं, हे कॉलेजच्या पोराच्या खिशाला परवडत नाही. म्हणून घरी ओतायचे.

आणि ही कल्पना काही नवीन नाही. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम नावाच्या माणसानं, बायको कॉस्माच्या साथीनं, घरच्या स्वयंपाकघरात प्लास्टिकचं गांडूळ ओतलं. आज जगभर पसरलेला हा सगळा सॉफ्ट ल्युअरचा धंदा त्या शेगडीवरून सुरू झाला. त्यामुळे आई ओरडली तर तिला हे सांगून बघा. (माझ्या आईवर काही उपयोग झाला नाही.)

आता ओतायचं म्हणजे साचा हवा. अ‍ॅल्युमिनियमचा साचा महाग. सिलिकॉनचा चांगला, पण तोही स्वस्त नाही. राहिलं पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतं आणि पेणमध्ये तर घरोघरी मिळतं. माझा मामा गणपतीच्या कारखान्यात तीसेक वर्षं काम करतोय. साचे बनवणं त्याच्या हातचा मळ. म्हणून मी पहिल्यांदा त्याच्याकडेच गेलो.

"मामा, साच्याला आतून काहीतरी लावायचं म्हणतात. सील करायचा."

"साच्याला सील?" तो हसायलाच लागला. "अरे, साचा सील केलास तर माती सुटायची कशी?"

आणि त्याचं बरोबर होतं. त्याच्या कामासाठी शंभर टक्के बरोबर. माझ्या कामासाठी मात्र नेमकं उलटं. हे उलटं का, ते समजलं की बाकीचं सगळं आपोआप समजतं, म्हणून इथे जरा थांबू.

पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम. जमिनीतून निघतं त्या जिप्समच्या स्फटिकात पाणी असतं. आपल्याकडचं बरंचसं जिप्सम राजस्थानातनं येतं. ते साधारण १५० अंशांपर्यंत तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि पांढरी पावडर उरते. तुम्ही त्या पावडरीत परत पाणी घातलंत की ती ते गेलेलं पाणी परत घेते, पुन्हा जिप्सम होते, आणि होताना गरम होते. साचा हाताला कोमट लागतो तो यामुळे.

आता गंमत बघा. १०० ग्रॅम पावडरला परत जिप्सम व्हायला फक्त साडेअठरा ग्रॅमच्या आसपास पाणी लागतं. पण तेवढ्या पाण्यात ती कालवलीच जात नाही, कोरडा गोळा होतो. ओतता यावं म्हणून आपण ६०-७० ग्रॅम पाणी घालतो. मग वरचं पन्नास ग्रॅम पाणी जातं कुठे? कुठेच नाही. ते स्फटिकांच्या मधल्या फटींत बसून राहतं आणि नंतर हळूहळू उडून जातं. जिथे ते होतं तिथे उरतात बारीक बारीक पोकळ्या. पूर्ण वाळलेल्या अशा साच्याच्या आकारमानातला जवळजवळ निम्मा भाग ही पोकळीच असते. दिसायला दगड, आतून स्पंज.

मूर्तिकाराला हा स्पंजच हवा असतो. शाडूची ओली माती साच्यात दाबली की प्लास्टर तिच्यातलं पाणी ओढून घेतं, माती किंचित आकसते आणि साच्याच्या भिंतीपासून सुटते. प्लास्टरची ही तहान म्हणजे मामाच्या धंद्याचं भांडवल. कपबशा बनवणारे सिरॅमिकवालेसुद्धा याच तहानेवर जगतात.

आपण मात्र त्यात माती दाबत नाही. आपण ओततो प्लास्टिसोल, म्हणजे पीव्हीसीची बारीक पावडर एका तेलकट द्रवात कालवलेली. ती साधारण १७०-१८० अंशांना शिजते, दुधासारखी असलेली पारदर्शक होते, आणि थंड झाली की रबरासारखी मऊ घट्ट होते. १७५ अंशांचा हा रस तुम्ही ज्या स्पंजमध्ये ओतताय त्यात पाण्याचा अंश राहिला असेल तर काय होईल? पाणी १०० अंशांना उकळतं आणि वाफ होताना दीड हजारपटीहून जास्त फुगतं. त्या वाफेला बाहेर पडायला एकच वाट असते, तुमच्या ल्युअरमधून. मग अंगभर बुडबुडे, अर्धवट शेपट्या. साचा कोरडा असला तरी प्लास्टिक त्या बारीक भोकांत शिरतं, ल्युअर खडबडीत आणि फिका निघतो, आणि ओढून काढताना साच्याचे कण सोबत घेऊन येतो. दहा ओतण्यांत साच्यावरचे खवले गुळगुळीत झालेले असतात.

म्हणून सील. भोकं बुजवायची आणि प्लास्टिक आणि प्लास्टर यांच्यामध्ये एक पातळ, चकचकीत, उष्णता सोसणारी कातडी बसवायची. एवढंच.

मामाला हे सगळं सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे तुला साचा नको, वाटी पाहिजे." मंडळी, मी यावर अर्धा तास बोललो असतो, त्यानं एका वाक्यात सांगितलं.

त्यानं मला नमुना कोरून दिला. पांगाऱ्याच्या लाकडाचा, बोटभर लांबीचा बोईट, बाजूला एकेक खवला आणि मागे पॅडलसारखी शेपटी. मामा पूर्वी मूर्तीचे डोळे आखायचा. आता मोतीबिंदूमुळे आखणी सोडलीय, बारीक काम टाळतो. तरी हे केलं, आठ दिवस लागले त्याला.

आणि मी तो नमुना पहिल्याच दिवशी मोडला.

कारण साधं होतं. साचा सील करायचा हे डोक्यात इतकं बसलं होतं की नमुनाही सील करायचा असतो हे सुचलंच नाही. कोरडं लाकूड ओल्या प्लास्टरमध्ये ठेवलं, लाकडानं पाणी प्यायलं, फुगलं, आणि चारी बाजूंनी प्लास्टर घट्ट झालं. काढताना शेपटी कट्कन गेली. त्यामुळे लाकडाचा, मातीचा, कशाचाही नमुना असो, त्याला आधी चपडा लाखेचे दोन-तीन हात द्या. फर्निचर पॉलिशवाले चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात, तोच. वाळल्यावर वरून व्हॅसलिनचा अगदी पातळ पुसट हात. जाड लावलंत तर ब्रशच्या रेघा साच्यात उतरतील आणि प्रत्येक ल्युअरवर दिसतील. दोन भागांचा साचा करत असाल तर पहिला भाग घट्ट झाल्यावर त्याच्या सपाट तोंडालाही व्हॅसलिन किंवा साबणाच्या दाट पाण्याचे दोन-तीन हात द्या, नाहीतर प्लास्टर प्लास्टरला धरतं आणि तुमच्या हातात एक सुंदर वीट येते. साबणाची युक्ती मामाची. साबण प्लास्टरमधल्या कॅल्शियमशी मिळून पाण्यात न विरघळणारा थर बनवतो.

मामानं दुसरा नमुना कोरला. देताना म्हणाला, "हा शेवटचा हं. आता डोळे साथ देत नाहीत." रागानं नाही, सहज म्हणाला. पण तेव्हापासून या कामात माझी चेष्टामस्करी बंद झाली.

दुसरा साचा मस्त निघाला. दिवस पावसाळ्याचे होते, ऑगस्ट. खिडकीत पंख्याखाली चार दिवस ठेवला, वरून खडखडीत कोरडा दिसला. मग आतून सीलरचे हात दिले. काय चमकत होता! आरशासारखा. अंगणातल्या शेडमध्ये प्लास्टिसोल तापवलं आणि ओतलं. पहिले दोन सेकंद काही नाही. मग आतली चकचकीत कातडी पापडासारखी फुगली, "फुस्स" आवाज आला आणि ओतायच्या भोकातनं गरम प्लास्टिक वर उडालं. तोच हा डाग.

म्हणजे झालं काय, तर मी पाणी आत कोंडून वर झाकण लावलं होतं. सील न केलेल्या ओल्या साच्यात निदान वाफ कुठूनतरी झिरपते. सील केलेल्या ओल्या साच्यात ती जमून बसते आणि एकदम फुटते. म्हणून हे नीट ऐका, की ओला साचा सील करणं हे साचा सील न करण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. नंतर राग राग करत त्या साच्याचं वजन केलं तर ७०० ग्रॅम भरलं. तो असायला हवा होता ५९० च्या आसपास. शंभर ग्रॅमहून जास्त पाणी, जवळजवळ अर्धा पेला, आत शिल्लक होतं.

भाजल्यावर काय करायचं तेही इथेच सांगतो. नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. कातडीला चिकटलेलं प्लास्टिक ओढून काढायचं नाही, ओढलंत तर कातडीही येते. आणि डॉक्टरांकडे जायचं. मी प्लास्टिक ओढलं होतं. म्हणून डाग एवढा मोठा आहे.

हा ५९० चा आकडा कुठून आला? तोच खरा मंत्र आहे, लिहून घ्या. प्लास्टर कालवताना पावडरचं वजन लिहून ठेवायचं. त्याला १.१८ नं गुणायचं, म्हणजे पावडर अधिक तिनं घेतलेलं पाणी. हे पूर्ण कोरड्या साच्याचं वजन. मी ५०० ग्रॅम पावडर घेतली होती, म्हणून ५९०. बाजारातल्या पीओपीत थोडी भेसळ असते, थोडं भांड्याला चिकटून राहतं, त्यामुळे आकडा पाच-दहा ग्रॅमनं इकडेतिकडे होईल. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोज एकाच वेळी वजन करा. किचनचा साधा डिजिटल काटा पुरतो. सलग दोन दिवस वजन अजिबात उतरलं नाही आणि आकडाही जवळ आला, तर साचा वाळला.

काटा नसेल तर मामाची पद्धत. साचा गालाला लावायचा. ओल्या प्लास्टरमधनं पाणी उडत असतं, म्हणून ते गार लागतं. कोरडं प्लास्टर गार लागत नाही. आणि नखानं वाजवायचं. ओलं असेल तर बद्द आवाज येतो, कोरडं असेल तर टणटणीत. मी आता तिन्ही करतो, कारण मनगट दोनच आहेत.

वाळवायचं कसं? उन्हाळ्यात कडक उन्हात, खाली दोन काठ्या ठेवून म्हणजे खालूनही हवा लागेल, पाच-सात दिवस. जाड साच्याला जास्त. घाई म्हणून गॅसवर तव्यात ठेवू नका. मी ठेवलाय (अजून एक प्रयोग, अजून एक साचा गेला). जिप्सम ५०-६० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की स्फटिकातलं पाणी परत सोडायला लागतं, म्हणजे तुम्ही त्याची पुन्हा पावडरच करताय. कोपरे खडूसारखे भुगा झाले माझे. ओव्हन असेल तर ५० च्या आत, दार किंचित उघडं ठेवून. आणि पावसाळ्यात? माझं स्पष्ट मत, पावसाळ्यात साचे करूच नका. नमुने कोरा, गाठी बांधायला शिका, रीळ साफ करा. साचे दिवाळीनंतर.

कालवायचंही दोन वाक्यांत सांगतो. पाणी आधी भांड्यात, त्यावर पावडर हातानं भुरभुरायची, उलटं नाही. एक-दोन मिनिटं भिजू द्यायची, मग सावकाश ढवळायचं म्हणजे हवा शिरत नाही. आधी ब्रशनं नमुन्यावर पातळ थर लावायचा, मग बाकीचं ओतायचं आणि टेबलाला हलके ठोके द्यायचे. दात बसवणाऱ्या लॅबमध्ये जो डेंटल स्टोन वापरतात तो मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याला १०० ग्रॅमला जेमतेम ३० मिली पाणी लागतं, म्हणजे पोकळ्या कमी, ताकद जास्त, वाळायलाही लवकर. महाग असतो, पण ल्युअरचा साचा असतो केवढा? आणि उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका. पाइपच्या आत घट्ट होतं. त्याचा खर्च साच्यापेक्षा मोठा असतो, एवढंच सांगतो.

आता सील कशानं करायचं. मी जे जे करून पाहिलं ते सांगतो, कारण बरेच जण घरात जे असेल ते लावतात.

मेणबत्तीचं मेण लावू नका. साठेक अंशांना वितळतं, आपण १७५ चं ओततोय. चपडा नमुन्याला उत्तम आणि गार वस्तू ओतायच्या साच्यालाही उत्तम, पण ७०-८० अंशांच्या आसपास मऊ होतो. गरम प्लास्टिकसोबत तोही निघून येतो आणि ल्युअरला तपकिरी डाग पडतात. ऑइल पेंट दिसायला छान, पण प्लास्टिसोलमधला तेलकट भाग अनेक रंगांना मऊ करतो. माझ्याकडचा पेंट तिसऱ्या ओतण्यात च्युइंगगम झाला. नेलपॉलिश, तेच. तुमच्या लक्षात आलं असेल, सॉफ्ट ल्युअर साध्या कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवले की डबी चिकट होते. तोच तेलकट भाग डबीतही शिरतो. आणि खाण्याचं तेल म्हणजे सील नाही. ल्युअर सुटावा म्हणून सील केलेल्या साच्याला तेलाचं पुसट बोट फिरवतात, तो वेगळा विषय. सील न केलेल्या प्लास्टरला तेल लावलंत तर ते पिऊन टाकतं आणि पुढे त्यावर काहीच नीट धरत नाही.

मग राहिले दोन. दोन्ही चालतात, पण वेगवेगळ्या माणसांसाठी.

पहिला म्हणजे सुतारांचा पांढरा गोंद, ज्याला आपण सगळे एकाच कंपनीच्या नावानं हाक मारतो. स्वस्त, घरात असतोच, वास नाही. निम्मं पाणी घालून पातळ करायचा, म्हणजे पहिले हात वर न बसता आत मुरतात. असे दोन पातळ हात, मग थोडे दाट दोन-तीन. प्रत्येक हात पूर्ण वाळून पारदर्शक झाल्यावरच पुढचा. पण एक खाच आहे. तुम्ही इतक्या कष्टानं वाळवलेल्या साच्यात गोंदासोबत परत पाणी घालताय! म्हणून शेवटच्या हातानंतर दोन-तीन दिवस पुन्हा ऊन आणि पुन्हा काटा. ही पायरी हमखास विसरली जाते. शिवाय हा गोंद उष्णतेनं मऊ होतो आणि दमट हवेत पांढरट, चिकट होतो. तीस-चाळीस ओतण्यांनंतर मी नवा हात देतो. नवशिक्यानं पहिला साचा यानंच करावा, कारण बिघडला तरी हळहळ वाटत नाही.

दुसरा म्हणजे इपॉक्सी. दोन बाटल्यांतलं मिसळून लावायचं ते. पटकन घट्ट होणारं नको, ते जाड असतं आणि ब्रश फिरेपर्यंत गोठतं. रेझिन आर्टवाले वापरतात ते पातळ, हळू घट्ट होणारं घ्या. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, ते अंदाजे नाही तर काट्यानं किंवा मापानं पाळा. प्रमाण चुकलं तर ते जन्मभर चिकट राहतं. पहिल्या हातासाठी मी दहा भाग इपॉक्सीत एक भाग अ‍ॅसिटोन घालतो, म्हणजे ते खोल मुरतं. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं, जवळ शेगडी, सिगारेट काही नको, आणि हातात ग्लोव्हज हवेत.

इथे माझ्या सगळ्यात आवडीची युक्ती. साचा दुपारभर उन्हात तापू द्या. संध्याकाळी सावलीत आणा आणि तो निवत असताना इपॉक्सी लावा. पोकळ्यांतली हवा निवताना आकसते आणि इपॉक्सीला आत ओढते. याच्या उलट, गार साच्याला लावून तो उन्हात ठेवलात तर आतली हवा फुगते आणि तुमच्या गुळगुळीत थरावर देवीच्या व्रणांसारखी भोकं पाडते. तोच साचा, तेच इपॉक्सी, फक्त सकाळ-संध्याकाळचा फरक.

पहिला हात लावून दहा मिनिटं थांबायचं आणि टिश्यूनं जादाचं टिपून घ्यायचं. शेपटीच्या बारीक खाचेत आणि खवल्यांत इपॉक्सी साचतं, ते साचू दिलंत तर मामाची आठ दिवसांची मेहनत तुम्ही एका थेंबानं बुजवली. दुसऱ्या दिवशी तसाच पातळ दुसरा हात, यात अ‍ॅसिटोन नको. बस. मग तीन दिवस हात लावायचा नाही. वरून कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला वेळ लागतो.

दोन भागांच्या साच्यात जुळणाऱ्या सपाट तोंडांनाही एक पातळ हात द्या, नाहीतर प्लास्टिक तिथून आत झिरपतं. जाड दिलात तर दोन भाग नीट मिटत नाहीत आणि ल्युअरला कडेनं पातळ पडदा येतो. साच्याची पाठ मात्र मी मुद्दाम तशीच ठेवतो. काही जण चारी बाजूंनी सील करतात, मला ते पटत नाही. आत कधी दमटपणा शिरलाच तर त्याला पाठीमागून बाहेर पडायला वाट हवी.

सील झालं का हे बघायला एक थेंब पाणी पुरतो. आतल्या भागावर ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर झालं. पसरून डाग पडला, तर तिथे भोक आहे, आणखी एक हात. थेंब नंतर पुसायला विसरू नका. (हसू नका, माझ्या ओळखीतला एक जण विसरलाय.)

ओतण्यावर वेगळा एपिसोड करणार आहे, इथे फक्त साच्यापुरतं. बाहेर मोकळ्या हवेत, वारा पाठीमागून. पूर्ण बाह्या, बूट, चष्मा. तापवायचं भांडं आणि शेगडी वेगळी, पुन्हा त्यात कधी चहा होणार नाही. घरातला मायक्रोवेव्ह तर अजिबात नाही. थर्मामीटर हवाच. २०० अंशांच्या पुढे पीव्हीसी जळायला लागतं, पिवळं पडतं आणि त्यातनं आम्लाची वाफ निघते, ती नाकाडोळ्यांना झोंबते. झोंबलं की शेगडी बंद करून लांब जायचं, डोकावून बघायचं नाही. साचा ओतण्याआधी तासभर उन्हात ठेवून कोमट करा. गार साच्यात पहिला ल्युअर सुरकुतलेला निघतो, तो परत भांड्यात टाका. बोटं, चमचे, सगळं कोरडं.

आणि हो, या साच्यात शिसं ओतू का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही! शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्या उष्णतेला तुमचं सील जळेल आणि साच्यात थोडं जरी पाणी असेल तर वितळलेलं शिसं तोंडावर उडेल. माझ्या मनगटावर प्लास्टिक उडालं म्हणून मी इथे बसून गप्पा मारतोय.

फाटके ल्युअर खाडीत टाकू नका. पीव्हीसी कुजत नाही, मासे गिळतात ते. डबीत जमवा आणि परत वितळवा. माझ्या ल्युअरमधले निम्मे असेच दुसऱ्या जन्मातले आहेत. फक्त पाकिटावर टीपीई लिहिलेले असतील तर ते वेगळे ठेवा, पीव्हीसीसोबत ते एकमेकांना चिकटून लगदा होतात.

दुसऱ्या नमुन्यावरून मी नंतर दिवाळीत तिसरा साचा केला, डेंटल स्टोनचा, इपॉक्सीचे दोन हात दिलेला. आत्तापर्यंत दोनशेच्या वर ल्युअर निघाले असतील, खवले अजून मोजता येतात. पावसाळ्यात तो हवाबंद डब्यात असतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पाऊस संपल्यावर पहिल्यांदा ओतण्याआधी पुन्हा काट्यावर चढतो. मामाला पहिला चांगला ल्युअर दिला तेव्हा त्यानं तो डोळ्यांजवळ धरला नाही, अंगठ्यानं खवल्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "शेपटी जाड झालीय रे. पाण्यात हलायची नाही."

बरोबर होतं त्याचं. हलत नव्हती. पुढच्या एपिसोडमध्ये शेपटीच्या जाडीबद्दल बोलू, मामालाच माइकसमोर बसवतोय. भेटू, मंडळी!